डेडस्टॉक रजिस्टरमधले कुत्रे: व्हिएतनामला गेले ४,०००, परत आले २००

शाळा असो, पंचायत समिती असो नाहीतर तहसील, सरकारी ठिकाणी नोकरी केलेल्या माणसाला डेडस्टॉक रजिस्टर सांगावं लागत नाही. मी स्वतः बरीच वर्षं ते भरलंय. टेबल, खुर्ची, लोखंडी कपाट, भिंतीवरचं घड्याळ, प्रत्येकाला नंबर, तो नंबर ऑइलपेंटने वस्तूवर टाकायचा, वस्तू मोडली की प्रस्ताव पाठवायचा आणि मंजुरी आली की निर्लेखन, म्हणजे रजिस्टरातून तिची नोंद काढून टाकणं. एकदा निर्लेखन झालं की ती वस्तू कुठे गेली हे कोणी विचारत नाही. हे आधी सांगतोय कारण या प्रकरणाचा सगळा जीव त्या रजिस्टरात आहे, फक्त रजिस्टर अमेरिकेच्या लष्कराचं होतं आणि त्यात नोंद जिवंत कुत्र्यांची होती.

प्रकरण असं. १९६५ ते १९७३ या काळात अमेरिकेने व्हिएतनाममध्ये साधारण ४,००० कुत्रे नेले, बहुतेक जर्मन शेफर्ड, थोडे लॅब्रॅडोर. त्यांच्याबरोबर वेगवेगळ्या वेळी मिळून १०,००० च्या आसपास हँडलर, म्हणजे कुत्रा सांभाळणारे आणि कामावर नेणारे सैनिक, तिथे राहून आले. कुत्रे परत आले ते जेमतेम २००, आणि त्यातलाही एक कोणाच्या घरी गेला नाही, ते दुसऱ्या लष्करी तळांवर पुन्हा ड्युटीला लागले. बाकीचे काही लढाईत गेले, काही आजाराने गेले, आणि जे धडधाकट उरले होते ते एकतर अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिण व्हिएतनामच्या सैन्याला देऊन टाकले किंवा इंजेक्शन देऊन मारले.

युद्धात कुत्रे वापरणं काही नवीन नाही. स्पॅनिश लोकांनी अमेरिका खंडात माणसांवर मोठाले मास्टिफ सोडले, पहिल्या महायुद्धात कुत्रे खंदकातून निरोप पोचवायचे, १९४१ साली रशियन लोकांनी पाठीवर स्फोटकं बांधून जर्मन रणगाड्यांखाली कुत्रे पाठवले. या सगळ्यात क्रौर्य उघड दिसतं. व्हिएतनामचं प्रकरण मला जास्त छळतं, कारण इथे कोणी क्रूर नव्हतं. हँडलर कुत्र्यावर जीव टाकायचे, व्हेटरनरी डॉक्टर रात्रीचा दिवस करायचे, आणि तरी शेवट असा झाला.

आधी काय पद्धत होती

हे समजायला दुसऱ्या महायुद्धात जावं लागतं. जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेत डॉग्स फॉर डिफेन्स नावाची संस्था निघाली आणि लोकांनी आपापल्या घरचे कुत्रे लष्कराला द्यायला सुरुवात केली. चिप्स नावाचा एक कुत्रा होता, न्यूयॉर्क राज्यातल्या प्लेझंटव्हिल गावच्या रेन कुटुंबाचा. १० जुलै १९४३ ला सिसिलीच्या किनाऱ्यावर तो हँडलरच्या हातातून सुटून थेट मशीनगनच्या बंकरमध्ये घुसला आणि आतले इटालियन सैनिक हात वर करून बाहेर आले. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, चिप्स परत आपल्या घरी गेला.

आणि असा तो एकटा नाही. त्या वेळी लष्कराने परतीची रीतसर व्यवस्था केली होती. परत पाठवण्याआधी कुत्र्याचं उलटं ट्रेनिंग व्हायचं, म्हणजे आता प्रत्येक माणूस आपलाच आहे हे त्याला शिकवायचं, एका हँडलरऐवजी चार माणसं त्याला हाताळायची, गर्दीची आणि आवाजाची सवय करायची, मग सर्टिफिकेट देऊन मालकाकडे रवानगी. मरीन कोअर या अमेरिकेच्या सैन्यदलाकडे युद्ध संपताना ५५९ कुत्रे होते, त्यातले ५४० नागरी आयुष्यात परत गेले. १९ मारावे लागले, पैकी १५ आजारपणामुळे, आणि स्वभाव सुधारतच नाही म्हणून फक्त ४. पॅसिफिकच्या बेटांवर जपान्यांशी लढून आलेले डॉबरमॅन होते हो हे, पाळलेली मांजरं नव्हती.

मग १९४५ ला जे जमलं ते १९७३ ला का जमलं नाही?

माझ्या मते उत्तर एका साध्या गोष्टीत आहे. महायुद्धातला कुत्रा उसना होता. त्याला मागणारं कोणीतरी होतं, एखाद्या गावात एखादं पोर रोज विचारत होतं की आपला कुत्रा कधी येणार, आणि उसनी वस्तू परत करावी लागते हे लष्करालाही कळतं. पण तो परत करण्याचा व्याप मोठा होता, म्हणून युद्धानंतर लष्कराने उसने कुत्रे घेणं बंद करून विकत घ्यायला सुरुवात केली. १९४९ ला सरकारी मालमत्तेचा कायदा झाला आणि लष्करी कुत्रा त्याखाली साहित्यात मोडू लागला, म्हणजे जीप, तंबू, जनरेटर यांच्या रांगेत. काम संपलं की तो जादा साहित्य. कुत्र्याच्या कानात आतल्या बाजूला नंबर गोंदलेला असायचा, एक अक्षर आणि तीन आकडे अशासारखा. आमच्या कपाटावर ऑइलपेंटने असतो तसाच.

व्हिएतनामच्या वेळीही काही कुटुंबांनी आपले कुत्रे दिलेच, पण आता दिला म्हणजे दिला, परतीचा कागदच नव्हता.

कुत्रे तिथे काय करायचे

१ जुलै १९६५ च्या रात्री दानांगच्या विमानतळावर हल्ला झाला आणि लगेच त्याच महिन्यात ४० कुत्रे आणि ४० हँडलर पाठवले गेले. हे पहारेकरी कुत्रे, रात्री तळाच्या कुंपणाकडेने फिरायचं, अनोळखी माणूस दिसला की झडप. पुढे इतर कामं वाढत गेली. स्काउट कुत्रा तुकडीच्या सगळ्यात पुढे चालायचा. ट्रॅकर म्हणजे बहुतेक लॅब्रॅडोर, पळून गेलेल्या शत्रूचा माग काढणारे. सुरुंग आणि भुयारं शोधणारे वेगळे.

यातलं स्काउटचं काम जरा नीट समजून घेण्यासारखं आहे. दाट जंगल, पाच फुटांवरचं दिसत नाही, पुढे कुत्रा, त्याच्या मागे पट्टा धरून हँडलर, आणि त्याच्या मागे पंचवीस-तीस पोरं ज्यांचा जीव या दोघांवर. कुत्र्याने भुंकायचं नाही हे शिकवलेलं. तो फक्त सांगणार, आणि प्रत्येक कुत्र्याची सांगायची पद्धत वेगळी. एकाचे कान टवकारतात, एकाच्या मानेवरचे केस उभे राहतात, एक नुसतीच मान कलती करतो, एक चालता चालता मट्कन खाली बसतो. हे हँडलरला वाचता आलं पाहिजे. गवतात लावलेली बारीक तार, पाय अडकला की स्फोट, ती तार वाऱ्याने थरथरते त्याचा आवाज कुत्र्याला ऐकू येतो असं हँडलर सांगतात. वारा कुठून येतोय त्यावर सगळं, वारा पाठीमागून असला की पुढचा वास मिळत नाही, मग हँडलर पुढच्या अधिकाऱ्याला सांगणार की आत्ता कुत्र्यावर विसंबू नका.

या कुत्र्यांमुळे १०,००० सैनिक वाचले असावेत असा अंदाज सांगितला जातो. न झालेला मृत्यू मोजायचा कसा, त्यामुळे आकडा अंदाजच राहणार, पण दबा धरून बसलेला शत्रू आधी कळला म्हणून वाचलेली माणसं खरी आहेत, ती आज ऐंशीच्या घरात आहेत आणि अजून त्या कुत्र्याचं नाव घेतात. हँडलरही दोनशेच्या वर मारले गेले, कारण सगळ्यात पुढे चालणाऱ्यालाच पहिली गोळी लागते.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मला स्वतःला उशिरा लक्षात आली. सैनिकाची व्हिएतनामची ड्युटी साधारण एक वर्षाची असायची. वर्ष झालं की तो घरी. कुत्रा मात्र तिथेच. नवीन पोरगा यायचा, त्याला तोच कुत्रा मिळायचा, पहिले काही दिवस कुत्रा त्याच्याकडे बघायचा नाही, मग हळूहळू हातून खायला लागायचा, मग पुन्हा एक वर्ष. असे एकेका कुत्र्याने चार-चार, पाच-पाच हँडलर पाहिले. प्रत्येक हँडलर विमानात बसताना हाच विचार करून गेला की माझ्यानंतर दुसरा कोणी आहे ना त्याला सांभाळायला. आणि त्यामुळे १९७०-७१ नंतर तुकड्या परत निघाल्या तेव्हा ज्यांनी त्या कुत्र्यांवर सगळ्यात जास्त जीव लावला होता ते बहुतेक जण आधीच हजारो मैलांवर घरी पोचले होते, त्यांना माहीतच नव्हतं की मागे काय चाललंय. अनेकांना ते पुढे कित्येक वर्षांनी कळलं. शेवटच्या तुकड्यांतल्या ज्यांना कळलं त्यांच्यात खिशातून भाडं भरायला तयार असलेलेही होते, पण आपला कुत्रा घरी न्यायची परवानगीच त्यांना नव्हती.

नेमो, म्हणजे परत आलेला एक

नेमो, कानातला नंबर ए५३४. ४ डिसेंबर १९६६, दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव, तिच्याजवळचा तान सोन न्हुत विमानतळ. आदल्या रात्री हल्ला होऊन गेलेला, काही हल्लेखोर अजून लपून बसलेत अशी शंका. रॉबर्ट थॉर्नबर्ग हा हँडलर नेमोला घेऊन एका जुन्या कबरस्तानाच्या बाजूने निघाला. नेमोने इशारा दिला, थॉर्नबर्गने त्याला सोडलं आणि लगेच गोळीबार सुरू झाला. नेमोला गोळी उजव्या डोळ्याखाली लागून तोंडातून बाहेर पडली. तरी तो थांबला नाही. त्याने शत्रूवर झडप घातली म्हणून थॉर्नबर्गला रेडिओवर मदत मागवायला वेळ मिळाला, आणि त्यालाही खांद्याला गोळी लागली. मग तो रक्ताने भरलेला कुत्रा सरपटत आला आणि आपल्या माणसाच्या अंगावर आडवा झाला. मदतीला आलेल्या लोकांनाही जवळ येऊ देईना, शेवटी व्हेटरनरी डॉक्टरांना बोलावून त्याला बाजूला करावं लागलं.

नेमोचा डोळा गेला, जीव वाचला. १९६७ च्या जुलैमध्ये त्याला विमानाने टेक्सासला, लॅकलँड तळावर आणलं. त्याला स्वतंत्र केनेल दिलं, त्यावर त्याचं नाव आणि पराक्रम लिहिला, नवीन कुत्रे मिळवायच्या प्रचारात त्याला गावोगावी फिरवलं. डिसेंबर १९७२ मध्ये तो म्हातारा होऊन गेला.

या एका उदाहरणावरून कळतं की आणणं शक्य होतं. डोळा गेलेल्या, गोळी खाल्लेल्या, माणसावर हल्ला करायला शिकवलेल्या कुत्र्यालाही आणता आलं. नेमोचं नाव पेपरात आलं होतं. बाकीच्यांचा फक्त नंबर होता.

न आणायची कारणं, आणि ती किती खरी

पहिलं कारण आजार, आणि ते खोटं नव्हतं हे मान्य करायलाच पाहिजे. १९६८ च्या सुमारास तळांवरचे कुत्रे पटापट मरायला लागले. ताप, वजन उतरणं, आणि एक दिवस नाकाचा घोळणा फुटायचा तो थांबायचाच नाही. धडधाकट शेफर्ड रक्त गळून गळून मरायचा. १९७० पर्यंत दीडशेच्या वर कुत्रे गेले. पुढे उलगडा झाला की हा गोचिडीमुळे पसरणारा एर्लिकिया नावाचा जंतू आहे, आपल्याकडे गावात कुत्र्याच्या कानामागे टपोरी गोचीड दिसते ना, त्याच जातीतल्या गोचिडीने. हा आजार आपल्याकडच्या पाळीव कुत्र्यांनाही होतो आणि डॉक्टर वेळेत सापडले तर बरा होतो. तेव्हाही टेट्रासायक्लिन हे औषध लागू पडतं हे डॉक्टरांनी शोधून काढलं होतं. म्हणजे भीती रास्त होती, पण औषध होतं, रक्त तपासता येत होतं, वेगळं ठेवता येत होतं. जे २०० आले ते तपासून, वेगळे ठेवूनच आले ना. जे २०० जणांना करता आलं ते आणखी हजारभराला करायला जास्त माणसं, जास्त दिवस, जास्त पैसा लागला असता. हे लागलं असतं म्हणून केलं नाही.

दुसरं कारण, हे कुत्रे धोकादायक आहेत, घरात राहू शकणार नाहीत. पहारेकरी कुत्र्यांबद्दल हे काही अंशी पटतं. पण स्काउट कुत्र्याला चावायला शिकवलेलंच नव्हतं, आणि माग काढणारे लॅब्रॅडोर तर सगळ्यांच्यात लोळणारे. मरीनचा तो ५५९ मधले ४ हा आकडा लष्कराच्याच दप्तरात पडून होता.

तिसरं, सैन्य काढून घेताना लढाई दक्षिण व्हिएतनामच्या सैन्यावर सोपवायची होती आणि त्यांच्याकडे सगळं साहित्य सोपवायचं ठरलं होतं. तोफा, ट्रक, हेलिकॉप्टर, आणि त्याच यादीत कुत्रे. आता ट्रकची चावी दुसऱ्याच्या हातात दिली की ट्रक चालतो. कुत्रा तसा चालत नाही. तिथल्या अनेक सैनिकांना एवढ्या मोठ्या कुत्र्याची सवय नव्हती, त्यांची भाषा वेगळी, हुकूम वेगळे, आणि कुत्र्याला रोज लागणारं खाणं, औषध, गोचीड काढणं हे सगळं अमेरिकन पुरवठ्यावर चाललेलं. तो पुरवठा आटल्यावर काय होणार हे कोणालाही कळलं असतं. २७ जानेवारी १९७३ ला पॅरिसचा करार झाला, मार्चअखेर शेवटच्या लढाऊ तुकड्या निघून गेल्या, ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. त्या कुत्र्यांचं पुढे काय झालं याची कुठलीही नोंद अमेरिकेकडे नाही. निर्लेखन झालेल्या वस्तूची कुठे असते.

मी जितका विचार करतो तितकं मला वाटतं की या तीन कारणांपैकी एकही कारण निर्णय घेण्याआधीचं नाही. निर्णय आधीच झालेला होता, १९४९ ला, जेव्हा कुत्रा साहित्याच्या यादीत गेला. साहित्याबाबत प्रश्न एकच विचारतात, परत नेण्याचा खर्च परवडतो का. जिवाबाबत पहिला प्रश्न वेगळा असतो. १९७१-७२ मध्ये त्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला नियमाने दुसरा प्रश्न विचारायचाच नव्हता, आणि तो विचारायला लावणारं बाहेर कोणी नव्हतं.

मग बदललं कसं

बदल व्हायला जवळपास तीस वर्षं लागली, आणि तो हँडलर लोकांनीच घडवला. १९९३ मध्ये व्हिएतनामच्या हँडलरनी आपली संघटना काढली, म्हातारी होत चाललेली माणसं एकमेकांना शोधून काढायला लागली. विल्यम पटनी नावाचे मरीनचे व्हेटरनरी अधिकारी, १९४४ ला पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर त्यांच्या तुकडीचे २५ कुत्रे मेले होते, त्यांच्यासाठी १९९४ ला तिथे स्मारक उभं राहिलं आणि पुढे हेच पटनी म्हातारपणी कायदा बदला म्हणून मागे लागले. फेब्रुवारी २००० मध्ये कॅलिफोर्नियात मार्च फील्ड इथे युद्धातल्या कुत्र्यांचा पुतळा उभा राहिला.

त्याच वर्षी रॉबी नावाच्या, बेल्जियन मॅलिनॉइस जातीच्या एका म्हाताऱ्या लष्करी कुत्र्याची बातमी झाली. सांधे गेलेले, काम होत नाही, आणि त्याचा पूर्वीचा हँडलर त्याला घरी न्यायला तयार, तर नियम सांगतो नेता येणार नाही. २७ वर्षांनीही यादी तीच होती. मेरीलँडचे खासदार रॉस्को बार्टलेट यांनी विधेयक आणलं आणि ६ नोव्हेंबर २००० ला अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केली. निवृत्त लष्करी कुत्रा हँडलरला किंवा चांगल्या घरी देता येईल असा तो कायदा, रॉबीच्याच नावाने ओळखला जातो. रॉबीला त्याचा उपयोग झाला नाही. तोवर त्याची तब्येत फारच खालावली होती आणि जानेवारी २००१ मध्ये त्याला इंजेक्शन दिलं गेलं. परदेशात निवृत्त झालेल्या कुत्र्याला सरकारने स्वतः मायदेशी आणायचं ही तरतूद आणखी उशिरा, २०१६ सालच्या संरक्षण कायद्यात आली.

आपल्याकडचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर अमेरिकेला नावं ठेवून मोकळं झाल्यासारखं होईल. आपल्या सैन्यातल्या कुत्र्यांचं ट्रेनिंग मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरमध्ये १९५९ पासून होतंय, आणि २०१५ पर्यंत कामातून गेलेल्या कुत्र्यांना आपल्याकडेही मारलंच जायचं. माहिती अधिकारातून ते बाहेर आलं, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, मग धोरण बदललं. २०२५ च्या जूनमध्ये मेरू नावाच्या नऊ वर्षांच्या ट्रॅकर कुत्र्याचा फोटो सगळ्यांच्या व्हॉट्सअॅपवर फिरत होता, आठवत असेल. एसी फर्स्ट क्लासच्या बर्थवर निवांत पडलेला, निवृत्त होऊन मेरठला निघालेला. मला तो फोटो बघून पहिल्यांदा आठवण झाली ती नेमोची नाही, त्या ए५३४ च्या मागेपुढे नंबर असलेल्या, कोणी फोटोच न काढलेल्या कुत्र्यांची.

त्या हँडलर लोकांनी आता कुत्र्यांची यादी जमवलीय. नावावरून शोधायला गेलं तर गोंधळ होतो, कारण प्रिन्स, किंग, ड्यूक, रेक्स ही नावं इतक्या कुत्र्यांची होती की तुझा प्रिन्स कोणता आणि माझा कोणता तेच कळत नाही. म्हणून ते कानातला नंबर विचारतात. आणि पन्नास-पंचावन्न वर्षं झाली तरी त्या माणसांना तो नंबर पाठ असतो, कारण वर्षभर रोज संध्याकाळी गोचिडी काढताना तोच कान उलटा करून धरलेला असायचा. नंबर जुळला की पुढे एकच ओळ विचारतात, तू गेल्यावर याला कोणी घेतलं होतं, आणि त्या माणसाचा पत्ता शोधायला लागतात.